दत्तक गेलेल्या मुलाच्या भेटीसाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल दत्तक दिल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, हा विषय निघतो. विचारणारी कधी जन्मदाती आई असते, कधी आजी, कधी वेगळ्या घरात वाढलेली मोठी बहीण. क्वचित दत्तक घेणारे आईवडीलही असतात, न्यायालयाची नोटीस हातात घेऊन आलेले. खालची उत्तरे भारतातल्या कायद्यावर आणि महाराष्ट्रातल्या न्यायालयांच्या पद्धतीवर बेतलेली आहेत. अर्जाचा विचार करण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्याकडे जे झाले ते नेमके कोणत्या कायद्याखाली झाले? हे न पाहता केलेला अर्ज पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच अडखळतो.

दत्तक दिलेल्या मुलाला भेटण्याचा आम्हाला कायद्याने हक्क आहे का?

नाही. हे उत्तर कडू आहे, पण अर्धवट आशा लावण्यापेक्षा बरे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १२ नुसार दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी दत्तक आईवडिलांचे होते आणि जन्मघराशी असलेले त्याचे कायदेशीर संबंध संपतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ तर दत्तकाच्या व्याख्येतच मूल जन्मदात्यांपासून कायमचे वेगळे होते असे सांगतो.

घटस्फोटित वडिलांच्या भेटीच्या अर्जाची आणि तुमच्या अर्जाची गल्लत करू नका. घटस्फोट झाला तरी ते मुलाचे वडीलच राहतात. तुम्ही कायद्याने आई किंवा वडील राहिलेले नाही.

पण हक्क नाही म्हणजे न्यायालयाचे दारच बंद, असेही नाही. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ चे कलम ७ अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालच्या) मुलाचे पालकत्व, ताबा आणि त्याची भेट या तिन्ही बाबतींतले अर्ज कौटुंबिक न्यायालयाकडे सोपवते. भेट फक्त आईवडिलांनीच मागावी, असे त्यात म्हटलेले नाही. प्रश्न ‘माझा हक्क’ इथून सुरू न होता ‘या मुलाचे हित’ इथून सुरू होतो. दत्तक आईवडिलांचा ठाम विरोध असेल तर भेटीचा आदेश मिळवणे अवघड आहे, हे मनाशी धरूनच पुढे वाचा.

आमचं दत्तक कोणत्या कायद्याखाली झालं, हे कसं ओळखायचं?

घरातला कागद शोधा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले दत्तकपत्र असेल, देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या असतील, तर ते १९५६ च्या कायद्याखालचे. संस्था, बाल कल्याण समिती, ‘कारा’ची (दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणी आणि शेवटी न्यायालयाचा किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश अशी साखळी असेल, तर ते २०१५ च्या कायद्याखालचे. आदेश कोणाचा, यावर गोंधळू नका: पूर्वी तो न्यायालय देई, २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला आणि ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. सख्ख्या काका-मामा-आत्या-मावशीने किंवा आजी-आजोबांनी घेतलेले दत्तकही या कायद्याखाली होऊ शकते.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त घरांत सापडतो: मूल ‘वाढवायला दिले’. कागद नाही, विधी नाही, आधार कार्डावर मात्र नाव बदललेले. हे बहुतेक वेळा दत्तक नसतेच. मग तुम्ही अजूनही कायद्याने आई किंवा वडील आहात आणि तुमचा अर्ज ‘दत्तकानंतरच्या भेटी’चा नसून साध्या ताब्याचा किंवा भेटीचा आहे. त्यामुळे बाजू एकदम मजबूत होते.

इथे एक धोका मात्र आहे. संस्थेत सोपवलेले, टाकून दिलेले किंवा अनाथ मूल कायद्याची पद्धत डावलून परस्पर दिले-घेतले असेल, तर २०१५ च्या कायद्याच्या कलम ८० खाली तो गुन्हा आहे. पैसे घेऊन दिले असेल तर कलम ८१ लागते आणि शिक्षा आणखी कडक होते. अशी काही भानगड असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाला सगळे खरे सांगा. समोरची बाजू ते सांगणारच आहे.

दत्तकपत्र नोंदवलेलंच नाही. म्हणजे दत्तक रद्दच ना?

असा समज फार पसरला आहे, पण तो चुकीचा आहे. १९५६ च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. सक्तीचे आहे ते प्रत्यक्ष देणे आणि घेणे, म्हणजे मूल एका घरातून दुसऱ्या घरी देण्याच्या हेतूने हाती सोपवणे. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा धार्मिक विधी, हाही आवश्यक नाही. नोंदणीचा फायदा वेगळाच आहे: नोंदवलेला कागद असेल तर कलम १६ नुसार न्यायालय दत्तक कायदेशीर झाले असे गृहीत धरते आणि उलटे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. कागद नसेल तर दत्तक झाले हे सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यांवर.

आम्ही मुसलमान आहोत. आमच्यात दत्तक नाही, मग कोर्टानं काय दिलंय?

तुमच्या हातातला आदेश बहुधा पालक व पाल्य अधिनियम, १८९० खालच्या पालकत्वाचा असेल. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांतही असे पुष्कळदा असते. पालकत्वाने जन्मदात्यांचे नाते तुटत नाही आणि मूल १८ वर्षांचे झाले की पालकत्वच संपते. अशा वेळी भेटीचा अर्ज बराच सोपा असतो. मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली रीतसर दत्तक झाले असेल तर धर्म कोणताही असो, परिणाम सारखाच. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या, २००० च्या बाल न्याय कायद्याबाबत २०१४ मध्ये शबनम हाशमी खटल्यात स्पष्ट केले.

माझा धाकटा मुलगा मोठ्या दिरांना दत्तक दिला. जमिनीवरून बिनसलं आणि आता भेटूच देत नाहीत. काय करू?

घरातल्या घरात झालेले दत्तक आणि मग भाऊबंदकी, ही या विषयातली सगळ्यात नेहमीची गोष्ट. म्हणून जरा सविस्तर.

कायद्याच्या नजरेत तुम्ही आता त्या मुलाच्या आई नाही, काकू आहात. ऐकायला विचित्र वाटते, पण अर्जाची वाट इथूनच निघते. १८९० च्या कायद्याच्या कलम ८ नुसार अज्ञान मुलाचा नातेवाईक किंवा हितचिंतकही न्यायालयासमोर येऊ शकतो. तेव्हा ‘मी जन्म दिला, म्हणून मला द्या’ असा सूर न लावता ‘मी या मुलाच्या रोजच्या आयुष्यातली ओळखीची, प्रेमाची व्यक्ती होते आणि अचानक तोडल्याने त्याला त्रास होतो आहे’ हे दाखवावे लागते.

त्यासाठी दत्तकानंतरचा काळ महत्त्वाचा. दत्तकानंतर तुम्ही किती वेळा भेटलात? सणासुदीला तो तुमच्याकडे राहत होता का? मोठ्या भावाबरोबर सुट्टीत खेळायचा का? फोटो, फोनवरचे संदेश, दवाखान्याची पावती, शाळेच्या कार्यक्रमातली उपस्थिती, असे काहीही. दत्तक देऊन सहा वर्षे तुम्ही फिरकलाच नसाल आणि जमिनीचा दावा लागल्यावर महिन्याभरात भेटीचा अर्ज केला असेल, तर न्यायाधीशांना तारखा जुळवायला वेळ लागत नाही. जमिनीचा आणि भेटीचा विषय एकाच अर्जात, एकाच शपथपत्रात, शक्य तर एकाच वकिलाच्या नोटिशीतही येऊ देऊ नका.

आणि अर्ज करण्याआधी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घाला. समजुतीने ठरलेल्या भेटीची सर कुठल्याही आदेशाला येत नाही. आदेश मिळाला तरी मुलाला आणून सोडायचे आहे ते दिरांनीच.

दत्तकपत्रातच लिहिलं होतं की महिन्यातून एकदा भेटू देऊ. तेवढं तरी बंधनकारक आहे ना?

पूर्ण बंधनकारक म्हणता येणार नाही. १९५६ च्या कायद्याचे कलम १३ दत्तक आईवडिलांच्या मालमत्तेबद्दल करार करण्याची मुभा देते. भेटीबद्दल तो कायदा गप्प आहे. शिवाय मुलाच्या हिताविरुद्ध जाणारा करार न्यायालय अंमलात आणत नाही.

तरीही दत्तकपत्रातली ती अट तुमच्या अर्जातला सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. नाते पुढे चालू राहावे असे दोन्ही बाजूंना दत्तकाच्या वेळी वाटत होते आणि भेटीत मुलाचे नुकसान आहे असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते, हे त्यातून दिसते. त्याप्रमाणे दोन-तीन वर्षे भेटी झाल्याही असतील तर आणखी उत्तम. (त्याच कागदात दत्तकाच्या बदल्यात पैसे दिल्याचा उल्लेख असेल तर सावध: कलम १७ नुसार तो गुन्हा आहे.)

मुलगा वारला. सुनेनं दुसरं लग्न केलं, तिच्या नव्या नवऱ्यानं नातवाला दत्तक घेतलं. आम्हा आजी-आजोबांना भेटता येईल?

वडील हयात नसतील तर आई एकटी दत्तक देऊ शकते. त्यासाठी तुमची संमती लागत नव्हती, त्यामुळे ‘आम्हाला विचारलं नाही’ हा मुद्दा सोडून द्या.

आजी-आजोबांना भेटीची परवानगी देणारे आदेश आपल्याकडची न्यायालये देतात. दत्तकानंतर ते कठीण होते, कारण आता त्याला दुसरे आजी-आजोबा आहेत. पण वडील गेल्यावर नातू काही वर्षे तुमच्याच अंगाखांद्यावर वाढला असेल, तर तुमच्या अर्जात जीव आहे. वडिलांची आठवण सांगणारी माणसे मुलाच्या आयुष्यात असावीत, हा मुद्दा समुपदेशकांनाही पटतो. फक्त सुनेच्या दुसऱ्या लग्नाबद्दल अर्जात एक शब्दही वाकडा लिहू नका. तो वाचून सून दार लावून घेईल आणि न्यायाधीशांना वाटेल की नातवाच्या आडून तुम्ही सुनेशी भांडता आहात.

जाता जाता: वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाने जी मालमत्ता नातवाकडे आली असेल ती दत्तकामुळे त्याच्याकडून जात नाही. तो प्रश्न वेगळ्या दिवाणी दाव्याचा आहे.

माझा घटस्फोट झालाय, भेटीचा आदेश माझ्याकडे आहे. आता कळलं की तिच्या नवऱ्यानं मुलीला दत्तक घेतलंय. मी सही केलेली नाही.

मग तुमची बाजू या पानावरच्या सगळ्यांत भक्कम आहे. १९५६ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर आई आणि वडील दोघांनाही मूल दत्तक देण्याचा सारखा अधिकार आहे, पण दुसऱ्याच्या संमतीनेच. दुसऱ्याने संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवले असेल, तरच संमती लागत नाही. घटस्फोट हे त्यात बसत नाही.

दोन कामे वेगळी करा. भेटीच्या जुन्या आदेशाची अंमलबजावणी त्याच कौटुंबिक न्यायालयात मागा. दत्तक अवैध ठरवण्यासाठी सहसा दिवाणी न्यायालयात दावा लागतो आणि त्याची मुदत, मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५७ नुसार, दत्तक झाल्याचे तुम्हाला कळल्यापासून ३ वर्षे. कधी आणि कसे कळले, ते आजच तारखेसह लिहून ठेवा.

मात्र तुम्ही संमतीपत्रावर सही केली असेल, भले देखभालीचा खर्च चुकवण्यासाठी केली असेल, तर तुमचे नाते तिथे संपले.

मी अविवाहित असताना बाळ संस्थेकडे सोपवलं होतं. आता मला ते कुठे आहे एवढं तरी कळेल का?

बाल कल्याण समितीसमोर मूल सोपवल्यावर फेरविचारासाठी २ महिने मिळतात. त्या काळात गेलात तर मूल परत मिळू शकते. त्यानंतर समिती मूल दत्तकासाठी मोकळे झाल्याचे जाहीर करते आणि पुढचे सगळे गोपनीय होते. दत्तक आईवडील कोण, हे संस्था सांगू शकत नाही. मुलाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. म्हणजे कौटुंबिक न्यायालयात अर्ज करायचा झाला तरी समोर कोणाचे नाव लिहिणार? ही वाट खरोखरच बंद आहे. तुमचा शोध लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

शोधाचा हक्क कायद्याने मुलाला दिला आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांनुसार १८ वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतः, आणि त्याआधी दत्तक आईवडिलांसह, आपल्या मुळांचा शोध मागू शकते. त्रयस्थाने केलेला अर्ज चालत नाही. सोपवताना तुम्ही नाव गुप्त ठेवा असे सांगितले असेल, तर तेव्हा तुमची संमती विचारली जाते. म्हणून करता येण्याजोगे एक काम आहे: ज्या संस्थेकडे बाळ दिले तिथे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात आजचा पत्ता, फोन आणि ‘मूल शोधत आले तर मला भेटायला आवडेल’ असे पत्र देऊन त्याची पोच घ्या. गाव बदलले की नवे पत्र.

अर्ज कुठे करायचा? आम्ही सोलापूरला, मूल नाशिकला.

नाशिकला. १८९० च्या कायद्याच्या कलम ९ नुसार मूल नेहमी जिथे राहते तिथले न्यायालय. त्या भागासाठी कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. सुट्टीत मूल चार दिवस तुमच्याकडे आले म्हणून तुमच्या गावी अर्ज करता येत नाही.

अर्जात काय लिहावं?

मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, सध्याचा पत्ता, ते कोणाकडे आहे, जवळचे नातेवाईक कोण आणि मुलाच्या नावावर मालमत्ता असल्यास तिचा तपशील. त्यानंतर दत्तकाची हकिगत: कधी, कोणत्या कायद्याखाली, कोणी संमती दिली. दत्तक लपवून ‘माझे मूल अमुकने ठेवून घेतले आहे’ असे लिहिणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दत्तकपत्र समोरून हजर झाले की तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो.

मग भेट का हवी, ते मुलाच्या बाजूने लिहा. आणि मागणी लहान ठेवा. ‘दर शनिवार-रविवार मुक्कामी’ असे मागण्यापेक्षा पायऱ्या मागा: आधी महिन्यातून एक पत्र किंवा व्हिडिओ कॉल, तीन-चार महिने ते नीट चालले तर न्यायालयाच्या आवारात समुपदेशकासमोर तासाभराची भेट, त्यानंतर बाहेर. व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सांगितले आहे. तो खटला विभक्त झालेल्या आईवडिलांचा होता, त्यामुळे तो तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण संपर्क म्हणजे दरवेळी ताबा नव्हे, हे समजावून सांगायला तो कामी येतो.

सोबत जोडायचे: दत्तकपत्राची किंवा आदेशाची प्रत, जन्माचा दाखला मिळाला तर, नात्याचे पुरावे आणि आधी समजुतीचा प्रयत्न केला असल्यास त्याचा एखादा कागद.

वकील लागतोच का?

कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, कौटुंबिक न्यायालये अधिनियमाचे कलम १३ तसे सांगते. प्रत्यक्षात परवानगी मागितली की ती सहसा मिळते. या विषयात वकील घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दत्तकाचा कायदा, पालकत्वाचा कायदा आणि मुदतीचा कायदा तिन्ही एकमेकांत अडकलेले असतात. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

अर्ज दाखल झाल्यावर काय होतं?

समोरच्यांना नोटीस जाते. ते आले की प्रकरण समुपदेशकाकडे जाते, कारण आधी तडजोडीचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालयावर कायद्यानेच बंधन आहे. हा टप्पा औपचारिक समजून दहा मिनिटांत उरकू नका. दत्तक प्रकरणांत जे काही मिळते ते बहुतेक इथेच मिळते. समुपदेशकांचे ऐकून दत्तक आई कधी कधी वर्षातून दोन पत्रे आणि एक फोटो एवढे कबूल करते. तेवढे हातात आले तर घ्या.

तडजोड झाली नाही तर लेखी जबाब, पुरावे, युक्तिवाद. मधल्या काळासाठी अंतरिम अर्ज करता येतो. सुनावणी बंद दालनात घेता येते, एका पक्षाने मागितले तर ती तशीच घ्यावी लागते. ते मागाच. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी एकटे बोलतात. किती महिने लागतील, हे कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

मुलाला आपण दत्तक आहोत हेच माहीत नाही. मग?

इथे न्यायालय सगळ्यात जपून पाऊल टाकते, आणि तसेच टाकले पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाला आपली जन्मकथा न्यायालयाच्या आवारात अनोळखी बाईकडून कळावी, असे कोणालाच वाटत नाही. अशा प्रकरणात थेट भेट मागू नका. दत्तक आईवडिलांनी तज्ज्ञाच्या मदतीने, आपल्या गतीने मुलाला सांगावे आणि मुलाने विचारले तर देण्यासाठी तुमचे एक पत्र त्यांच्याकडे ठेवावे, एवढी मागणी वाजवी ठरते. मुलाला ओळखीच्या शेजाऱ्याकरवी ‘तुझी खरी आई दुसरी आहे’ असा निरोप पाठवणाऱ्यांचा अर्ज तिथेच मेला म्हणून समजा. दुर्दैवाने असे निरोप जातात.

कोर्टकचेरी कशाला, शाळा सुटताना गेटवर भेटलं तर?

लांबून पाहणे वेगळे आणि मुलाला सोबत नेणे वेगळे. दत्तकानंतर कायदेशीर पालक दत्तक आईवडील असतात. त्यांच्या संमतीशिवाय मूल नेले तर भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. ‘फक्त आईस्क्रीम खायला नेलं’ हे पोलीस ठाण्यात पटवून देणे फार अवघड असते. समाजमाध्यमांवर मुलाचे नाव-फोटो टाकून आवाहन करणेही टाळा.

माझा सख्खा भाऊ दत्तक गेलाय. मी १६ वर्षांची आहे. मी अर्ज करू शकते?

तू अज्ञान असल्यामुळे तुझ्या वतीने एखाद्या सज्ञान माणसाला वादमित्र म्हणून अर्ज करावा लागेल. भावंडांच्या अर्जाकडे न्यायालय बऱ्याचदा मोठ्यांच्या अर्जापेक्षा मऊ नजरेने पाहते, कारण त्यात ताबा, मालमत्ता, मोठ्यांचा अपमान यांचे ओझे कमी असते. फक्त आई किंवा मामा तुझ्या नावाने स्वतःचे भांडण पुढे करत नाहीत ना, ते तू स्वतःशी नीट तपास. न्यायाधीश तुझ्याशी एकटीशी बोलतील तेव्हा ते ओळखतीलच.

आम्ही दत्तक आईवडील आहोत. अशी नोटीस आलीय. मूल काढून नेतील का?

केवळ भेटीच्या अर्जावर मूल तुमच्याकडून जाणार नाही. कायदेशीर झालेले दत्तक घेणाऱ्यालाही रद्द करता येत नाही आणि मुलालाही सोडून परत जाता येत नाही (१९५६ च्या कायद्याचे कलम १५). घाबरू नका, पण नोटीस उशाखाली ठेवूनही झोपू नका. तारखेला गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत आदेश होऊ शकतो.

लेखी जबाबात मुलाचा दिनक्रम, शाळा, प्रकृती, दत्तकाबद्दल त्याला काय माहीत आहे आणि पूर्वीच्या भेटींनंतर तो कसा वागला, हे लिहा. समोरचे लोक घरी येऊन त्रास देत असतील तर मनाई हुकूम मागा. आणि पूर्ण नकार देण्याआधी एकदा विचार करा: तुमच्या अटींवर, तुमच्या देखरेखीत थोडा संपर्क चालेल का? मोठे झाल्यावर मूल तुम्हालाच विचारणार आहे की त्यांनी कधी चौकशी केली होती का.

आदेश मिळाला, पण ते मूल आणतच नाहीत.

प्रत्येक चुकलेल्या भेटीची तारीख आणि कारण लिहून ठेवा. त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करा. जाणूनबुजून आदेश मोडला तर अवमानाची कारवाईही होऊ शकते. १८९० च्या कायद्यात न्यायालयाने सांगूनही मूल हजर न केल्यास १०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम त्या काळातली, अजून तशीच आहे! पण त्याच कलमात मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचीही तरतूद आहे. मूल स्वतःच यायला रडत असेल तर मात्र सक्तीचा आग्रह धरू नका. समुपदेशकाकडे परत जाऊन पद्धत बदलून मागा.

अर्ज फेटाळला तर?

अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. अंतरिम आदेशाविरुद्ध हे अपील चालत नाही. परिस्थिती खरोखर बदलली, उदाहरणार्थ दोन्ही दत्तक पालकांचे निधन झाले, तर नवा अर्ज करता येतो. अशा वेळी मूल आपोआप जन्मघरी परत येत नाही. पालक म्हणून नेमणूक मागावी लागते आणि तेव्हाही मोजले जाईल ते मुलाचे हितच.

मूल १८ वर्षांचं झाल्यावर?

मग कोणाच्याही आदेशाची गरज नाही. भेटायचे की नाही, हे ते स्वतः ठरवेल. पहिला निरोप लहान ठेवा: तुम्ही कोण, कुठे आहात, फोन काय. दत्तक का दिले याची कहाणी पहिल्याच पत्रात नको, आणि पैशांचा किंवा आजारपणाचा विषय तर अजिबात नको. उत्तर आले नाही तर वर्षभर थांबून, वाढदिवसाच्या सुमारास, एकच पत्र आणखी पाठवा.